डाव्या पिळाचा फास
यूस्नीने बकऱ्याची तंगडी फासात घातली आणि खुंटी उडवली. वाकवलेला बांबू सपकन उभा राहिला, तार मांसात रुतली, हाड कडकन मोडलं. कॉफीच्या टपरीत सगळ्यांच्या हातातली भजी हातातच राहिली.

"वाघीण अशीच तीन दिवस लटकली होती, स्वतःचा पंजा कुरतडत," ती म्हणाली. "आता खा केळ्याची भजी."

"एतेक, घास तरी गिळू द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

एतेक, म्हणजे मावशी. चौथी शिकलेली ही बाई सुमात्राच्या डोंगरगावांत वाघांवर व्याख्यानं द्यायची. शहरातले साहेब पडद्यावर आकडे दाखवत आणि लोक पेंगत. हिच्यासमोर पेंगायची कुणाची टाप नव्हती. बाप फास लावणारा. मोटरसायकलच्या ब्रेकची तार डावीकडे पीळ देऊन बांधायची, ही त्याची गाठ. ती त्याने दोघांनाच शिकवली, यूस्नीला आणि धाकट्या मावर्दीला. यूस्नीने पुढे फास सोडले. मावर्दीने सोडले नाहीत.

वनरक्षक दारलिस जंगलातून काढून आणलेला डाव्या पिळाचा फास व्याख्यानात टेबलावर टाकायचा. "एतेक, हा कुणाचा?"

"माझाच. जुना!" ती दर वेळी ठोकून द्यायची. तार नवी कोरी चकाकत असायची, पण गाठ तिलाही येत होती, तेव्हा दारलिस करणार काय? भावापायी ही बाई असं धडधडीत खोटं बोलायची, याचा मला आजही संताप येतो.

मावर्दीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बहिणीचं व्याख्यान त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तिच्यामुळे लोक आपले फास उपटतात, एवढंच त्याला कळत होतं. त्या दिवशी तो लोखंडी नळी घेऊन टपरीत घुसला.

"उनी, माझ्या पोटावर पाय देतेस?" लहानपणी याच 'उनी'च्या, म्हणजे ताईच्या, पाठुंगळी तो गावभर हिंडला होता.

"घरी बोलू, मावर्दी."

"इथंच बोलायचं!" त्याने तिचा उजवा हात टेबलावर दाबला आणि नळी हाणली. पुन्हा हाणली. हाडाचा तोच आवाज पुन्हा झाला. लोकांनी त्याला खाली पाडून तुडवलं, त्याचे दोन दात पडले. यूस्नीची तीन बोटं डॉक्टरांनी कापून टाकली.

प्रकरण मामांनी घरातल्या घरात मिटवलं. तिथे मामाचा शब्द शेवटचा. शिक्षा एकच: यापुढे बहिणीच्या प्रत्येक व्याख्यानाला मावर्दीने पहिल्या रांगेत बसायचं.

तीन महिन्यांनी तो बसला. दारलिसने तसाच डाव्या पिळाचा नवा फास टेबलावर टाकला. "एतेक, हा कुणाचा?"

सवयीने सगळी टपरी एका सुरात ओरडली, "माझाच! जुना!" आणि हसली.

मावर्दी हसला नाही. बहीण इतके दिवस काय करत होती, ते त्याला तेव्हा कळलं. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

यूस्नी रडत होती. तिने दोन बोटांचा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हा फास कालचा आहे," ती म्हणाली. "आणि मला आता ही गाठ बांधता येत नाही."