ब्रेक ऑइलचा चौथा डबा

आमच्या जुन्या गाडीचं ब्रेक ऑइल मागच्या डाव्या चाकातून गळत होतं. हे पक्कं केलं पवारजींनी... चाक काढून, ड्रम उघडून, आत बोट फिरवून आणि ते ओलं बोट माझ्यासमोर धरून.

गोष्ट इंदूरची. एकामागून एक मिल बंद पडत होत्या, त्या वर्षांतली.

आमचे हे मिलमध्ये स्पिनिंगचे सुपरवायझर होते. मिल बंद झाली आणि ह्यांना सुरतेच्या एका कारखान्यात काम मिळालं. मी राजेंद्र नगरच्या घरात एकटी, नोकरी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत.

जाताना ह्यांनी मला गाडीची किल्ली दिली, ब्रेक ऑइलचा एक डबा दिला आणि सांगितलं, डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघ. असेल, तर बॉनेट उघडून ऑइल टाक.

मी टाकत राहिले. दिवा विझायचा. खरं सांगते, त्या घरात माझं ऐकणारं तेवढंच एक होतं...

दर रविवारी मी एसटीडी बूथवर जायचे. ह्यांच्या खोलीखाली एक किराणा दुकान होतं, तिथे फोन लागायचा. "सगळं ठीक?" "सगळं ठीक." झालं बोलणं.

इथलं काही सांगितलं तर हे सामान बांधून परत येतील, अशी मला भीती होती. नोकरी नवी होती, आणि इंदुरात परत येऊन करायचं काय... म्हणून संध्याकाळी दारात गाडी लावल्यावर मी कितीतरी वेळ गाडीतच बसून राहते, कुलूप उघडायला हात धजत नाही, हे मी कधी सांगितलं नाही.

आठव्या महिन्यात मी चौथा डबा उघडला. त्याच आठवड्याच्या रविवारी धामनोदला नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता, म्हणजे मानपूरचा घाट उतरायचा. म्हटलं, जाण्याआधी गाडी एकदा दाखवून घेऊ.

पवारजी ह्यांच्याच खात्यातले फिटर. मिल बंद झाल्यावर त्यांनी घरासमोर पत्र्याची शेड टाकून गॅरेज सुरू केलं होतं.

"दिवा कब से लागतोय, वहिनी?"

"हे गेल्यापासून. पण ऑइल टाकलं की विझतो ना."

"किती डबे टाकले?"

"हा चौथा."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "अरे भिया... वहिनी, ब्रेक ऑइल म्हणजे काय पोह्यांवरची शेव आहे, वरून टाकत राहायला?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"ब्रेकचे लायनर घासले की ऑइलची लेव्हल जरा उतरते, मान लिया. पण चार डबे? इतकं ऑइल जातं कुठे, हे नाही विचारलं कुणाला?"

मग त्यांनी जॅक लावला आणि एकेक चाक बघत गेले. मागचं डावं चाक निघालं तेव्हा मलाही दिसलं, आतून सगळं ओलं, काळं, चिकट. चाकाचा ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर गेला होता.

"ह्याच्यावर घाट उतरणार होता तुम्ही?" एवढंच म्हणाले.

मिलची एक पद्धत होती. मशीन कुरकुरलं तरी बंद करायचं नाही, तेल घालायचं आणि आपली शिफ्ट काढायची. मग पुढच्या शिफ्टचा फिटर बघेल... हे घरी हसत हसत सांगायचे.

"साहेबांनी तुम्हाला शिफ्ट काढायला शिकवलं," पवारजी हात पुसत म्हणाले. "पण तिथे भोंगा झाला की दुसरे लोक यायचे. तुमच्या इथे पुढची शिफ्ट कोणाची आहे, वहिनी?"

गाडी तिथेच ठेवली आणि चालत बूथवर गेले. बुधवार होता.

रविवार नसताना फोन आला म्हणून हे धावतच आले असावेत. श्वास ऐकू येत होता. "काय झालं?"

मी सांगितलं. चाक, चार डबे, दारात गाडीत बसून राहणं... सगळं एका दमात. मागे रांगेतला माणूस दोनदा खाकरला. मी वळून पाहिलं नाही.

हे म्हणाले, "मागचं डावं?"

"हो."

"निघताना मला तिथे जरा ओलं दिसलं होतं... म्हटलं, महिन्याभराचा तर प्रश्न आहे. मिल उघडली की येऊन करतो."

मिल उघडली की... तेव्हा सगळेच असं म्हणायचे. घराचा रंग, मुलीचं लग्न, दाताचं दुखणं, सगळं तेवढ्यावर थांबलेलं.

"ती नाही उघडणार हो आता," मी म्हटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

"नाही उघडणार," हे म्हणाले.

मला वाटलं होतं, मी असं बोलले तर रडू येईल. आलं नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एका जागी उभे आहोत असं वाटलं... मध्ये एवढं अंतर असूनही.

पवारजींचे आभार मानायचे त्या गडबडीत राहून गेले, ते आज इथे मानते. नवा सिलिंडर शुक्रवारपर्यंत येईल असं त्यांनी सांगितलं होतं. शनिवारी हे रजा काढून येणार होते, आणि रविवारी आम्ही दोघं बसने धामनोदला जाणार होतो. सुरतेला दोन खोल्या बघायच्या, की ह्यांनी इंदूरजवळच्या पिथमपुरात काम शोधायचं, ते त्या बसमध्ये शेजारी बसून बोलायचं होतं.