ट्रॅक लागणार न्हाय

साउंड चेक चालू होता. कॉलेजचे कार्यक्रमवाले सर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, काका, बँड नुसता उभा राहू दे, आवाज या फाइलमधून सोडा.

म्हणजे पोरांनी स्टेजवर हात हलवायचे आणि गाणं लॅपटॉपनं वाजवायचं. मी सरळ नाही म्हटलं. शाळा चौथीत सुटली माझी, पण सोलापुरात साउंडच्या धंद्यात केस पांढरे झालेत. मिक्सर माझा. त्यातून काय जाणार ते मी ठरवतो.

आधी त्या फाइलचं सांगतो. हा बँड आपल्या इथलाच, रॉक वाजवणारा. त्यांचं जॅम असतं. जॅम म्हणजे काही न ठरवता, एकमेकांचं ऐकत वाजवत जायचं. एकच गाणं दर कार्यक्रमाला वेगळीकडं पोचतं. मी ते मिक्सरवरून रेकॉर्ड करून ठेवतो. लावण्या नावाची त्यांची एक चाहती आहे, टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात काम करते. तिनं मागितलं की मी रेकॉर्डिंग देतो. ती वेगवेगळ्या कार्यक्रमांतले आवडते तुकडे जोडून मिक्स करते आणि मोबाइलवर टाकते. त्यातला एक मिक्स लई चालला. पोरं त्यालाच खरं गाणं समजायला लागली. मी मोबाइलवरचं ऐकत नाही, त्यामुळे मला पत्ताच नव्हता. सरांच्या फाइलमधला ट्रॅक म्हणजे तोच मिक्स.

सर म्हणाले, पब्लिकला तेच पाहिजे.

"मग बुजगावणी उभी करा की," मी म्हटलं. "ती बी हात पसरून उभी ऱ्हातात."

सर चिडले नाहीत, पण दुसरा साउंडवाला बोलवू म्हणाले. बोलवा, म्हटलं.

सरांचं मला काही वाटलं नाही. पण थोड्या वेळानं गिटारवाला इम्रान स्वतःच टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "चाचा, लगा डालो ना. मेरे से नई होरा."

मी त्याला खुर्ची दिली. मग निघालं ते असं. त्या मिक्समध्ये शेवटाकडं गिटार अशी चढते की लोक तेवढं ऐकायलाच येतात. ते हुबेहूब वाजवायला इम्रान घरी बसून झटत होता. जमत नव्हतं. आपणच वाजवलेलं आपल्याला येईना, म्हणजे आपली बोटं गेली, असं त्यानं धरलं होतं. आजचं झालं की गिटार विकणार होता.

मी म्हटलं, आण, ऐकू दे. हेडफोन लावला. चढ छान होता, पण एका माणसाचा वाटेना. लावण्या पुढच्या खुर्च्यांत येऊन बसलीच होती. तिला बोलावून विचारलं, ह्या जागी काय केलंयस?

"बार्शीचं आणि पंढरपूरचं एकावर एक ठेवलंय, काका. दोन्हीतलं एकही सोडवेना."

म्हणजे तिथं दोन इम्रान एकाच वेळी वाजवत होते.

इम्रान तिच्याकडं वळला. "पैले बोलना था ना."

"मला वाटलं, तुला कळलं असेल," ती म्हणाली. "तूच वाजवलंयस की."

त्याला आधी राग आला, मग हसू आलं. ट्रॅकचं नाव परत काढलं नाही. गिटार गळ्यात घालून वर गेला.

मी सरांना सांगितलं, ट्रॅक लागणार न्हाय, बँड वाजवणार हाय. त्या वेळेला दुसरा साउंडवाला मिळणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

कार्यक्रम मिक्ससारखा झाला नाही. पोरं त्या चढाची वाट बघत होती. तिथं पोचल्यावर इम्राननं वर जायचं सोडून दोनच सूर धरून ठेवले, आणि ड्रमवाला मोकळा सुटला. मागची बरीच पोरं उठून चहाला गेली. पुढची मात्र हलली नाहीत. सरांनी आम्हाला परत बोलावलेलं नाही. इम्राननं गिटार विकली नाही.

तेव्हापासून रेकॉर्डिंग सुरू करताना मी आधी माइकवर गाव आणि तारीख बोलतो, म्हणजे कुठलं कोणतं ते पुढं कळावं. लावण्या सगळ्यात आधी तेच कापते.