रोलरवरचं कुंकू

खंडेनवमी, मुलुंडचा औषधांचा कारखाना. हजर: ऑपरेटर काका, तपासणीच्या मॅडम आणि सुपरवायझर मी. झेंडूचा वास आला की तो दिवस आठवतो. पूजा मशीनच्या खोलीच्या दाराबाहेरच करायची, असा नियम. पण दिवाळीनंतर निवृत्त होणाऱ्या काकांनी आत जाऊन रोलरलाही कुंकू लावलं. मशीन सुरू झालं आणि दोन रोलरांमध्ये दाबून निघणाऱ्या पावडरीच्या पांढऱ्या पट्टीवर लाल रेघ उमटली. "काका, हे काय केलंत!" मॅडम ओरडल्या. "सणाला मशीनचं कपाळ रिकामं ठेवू काय?" काका हसले, आम्ही हसलो नाही. सगळा माल फेकावा लागला. मी साहेबांना हात जोडले, तरी काकांना संध्याकाळीच काढलं. "जाऊ दे गं, तू तरी काय करणार?" म्हणत ते निघाले. त्यांचा निरोपसमारंभ अजून राहिलाय. त्यांना गेटच्या आत सोडत नाहीत.