सात नंबर रिकामा

आमच्या आत्याच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, जेवढं जपान पाहिलं तेवढं अख्ख्या वाशीत कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि तेही फक्त मागच्या बाजूने. पुढच्या बाजूला रंगीत काच, पडद्यावर फुटणारी विमानं, लाल-पिवळी बटणं असायची. त्यात काकांना काडीचा रस नव्हता. व्हिडिओ गेमचं मशीन दिसलं की ते सरळ त्याच्या पाठीमागे जायचे, चावीने दार उघडायचे, आत मान घालायचे आणि विचारायचे, "काय म्हणतंय टोकियो?" आत शेवयांचा डबा उलटा केल्यासारखा तारांचा गुंता असायचा. त्या गुंत्याशी ते तासन्‌तास बोलायचे. मशीनसमोर उभं राहून खेळायला मात्र ते तयार नसायचे. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, "डॉक्टर काय पेशंटबरोबर कबड्डी खेळतो?"

खरं तर काका ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथे टाळेबंदी झाली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि पत्रकं काढत होतो. आमच्या घरात पत्रकं आधी आली आणि पाळणा नंतर. वडील विहारातल्या सभेहून येताना खाऊऐवजी पत्रक आणायचे, आणि मला अक्षरओळख झाली ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या शब्दांवर. कारखान्याच्या टाळेबंदीवर मी लागोपाठ चार पत्रकं काढली. प्रत्येकाच्या तळाशी माझं नाव, मथळ्याहून जेमतेम लहान टाइपात. कारखाना काही उघडला नाही. काकांनी पाचव्या पत्रकाची वाट न पाहता वाशीतल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये काम धरलं. जपानमध्ये म्हातारी झालेली मशीनं बोटीने मुंबईला यायची आणि तिथून टेम्पोत उभी राहून वाशीला. पार्लरचा शेठ त्यांना 'इम्पोर्टेड' म्हणायचा, काका 'पेन्शनर' म्हणायचे.

या पेन्शनरांची पहिली तुकडी आली तो दिवस मला आठवतो. शेठने भटजी बोलावून मशीनची साग्रसंगीत पूजा केली, नाणं टाकायच्या फटीला कुंकू लावलं, माथ्यावर नारळ फोडला आणि स्वहस्ते प्लग लावला. धूर आला. भटजींना वाटलं धूप पेटला, म्हणून त्यांनी आवाज चढवला. काका धावत आले, प्लग उपटला आणि भटजींसमोरच शेठवर ओरडले, "अहो, पाहुणा जपानहून आलाय! त्याला घरी शंभर व्होल्टची सवय. आल्या आल्या दोनशे तीस पाजता? आणि वर हे नारळाचं पाणी कनेक्टरात!" शेठ म्हणाला, "अहो, देवाचं पाणी आहे." काका म्हणाले, "देवाचं असो की नळाचं, तांब्याला गंजच चढतो." मग त्यांनी शंभर व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवला, खिशातून शाळकरी खोडरबर काढलं आणि बोर्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या एकेक करून घासल्या. त्यातलं हळद-कुंकू पुसून काढायला त्यांना दुपार लागली. ते खोडरबर त्यांच्या शर्टाच्या खिशात टेस्टरच्या शेजारी कायम असायचं, लग्नातसुद्धा. त्यावरूनच लोक त्यांना मास्तर म्हणू लागले. कुठल्या शाळेत शिकवता, असं कुणी विचारलं तर ते गंभीरपणे सांगायचे, "जपानी माध्यमाच्या."

आता ही विद्या किती अवघड होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. गेम असतो एका बोर्डावर, आणि बोर्ड मशीनला जोडला जातो कनेक्टरने. त्या काळात प्रत्येक जपानी कंपनीचा कनेक्टर वेगळा. एकीकडे पाच व्होल्ट पहिल्या पिनेवर, तर दुसरीकडे अठराव्या. एका मशीनमधला बोर्ड दुसऱ्यात घालायचा म्हणजे सगळ्या तारा नव्याने जुळवायच्या. यातलं काहीही कुठे छापलेलं नव्हतं, असलं तर जपानीत. काकांनी मीटर लावून, तार हुंगून आणि दोन-चारदा शॉक खाऊन एकेका बोर्डाची पिनांची यादी काढली आणि एका निळ्या वहीत उतरवली. ती वही आत्याच्या दागिन्यांच्या डब्यात असायची. आत्या म्हणायची, "माझे दागिने गेले विकून, आता डब्यात जपान ठेवलंय मेलं."

प्रत्येक तारेला काका कागदाची चिठ्ठी डकवायचे. त्यासाठी त्यांना जरा जाड, न फाटणारा कागद लागायचा, आणि तो घरात फुकट उपलब्ध होता. माझी पत्रकं! एकदा एका मशीनचं दार उघडं दिसलं म्हणून मी आत डोकावलो तर लाल तारेवर 'शोषणाच्या' असा माझ्याच लेखणीतला छापील शब्द, आणि पाठीमागे काकांच्या अक्षरात 'डावीकडे'. मी भडकलो. "काका, हा विचारांचा अपमान आहे!" ते शांतपणे म्हणाले, "संपादक, तुझी पत्रकं लोक भेळेला वापरतात. मी निदान शंभर व्होल्टपाशी ठेवली."

त्यांच्याकडून चूक अशी एकदाच झाली. दुसऱ्या खेळाडूच्या दांड्याच्या, म्हणजे जॉयस्टिकच्या, डाव्या-उजव्या तारा उलट लागल्या, आणि त्यांना ते कळलं दीड महिन्याने. कारण कुणी तक्रारच केली नाही. कांदा-बटाटा मार्केटमधला एक माथाडी कामगार रोज दुपारी त्या मशीनवर खेळायचा आणि सगळ्यांना हरवायचा. काकांनी ओशाळून तारा सरळ केल्या तर दुसऱ्या दिवशी तो पाठीवरचं पोतं दारात टेकवून आत आला. "मास्तर, काय केलंसा ह्ये? आता उजवीकडं दाबलं की उजवीकडंच जातंय. ह्यात कसली आलीया कला?" काकांनी त्याची माफी मागितली आणि तारा पुन्हा उलट्या करून दिल्या. चिठ्ठीवर लिहिलं, 'चूक. मुद्दाम.'

माझं मात्र पार्लरशी उभं वैर होतं. तरुणांचं रक्त पडद्यावरच्या विमानांत जिरवणारा हा अड्डा बंद झाला पाहिजे, अशा आशयाचं एक जळजळीत पत्रक मी काढलं. काकांनी ते लक्ष देऊन वाचलं. म्हणाले, "भाषा चांगली आहे. कागद तर फारच चांगला आहे. शंभर प्रती दे." आणि पार्लरच्या दारात स्वतः उभं राहून त्यांनी त्यातल्या वीसेक वाटल्या. उरलेल्या कुठे गेल्या ते सांगायला नको.

आणि मग एक दिवस जपानने काकांचा घात केला. तिकडच्या कंपन्यांनी आपसांत ठरवून टाकलं की यापुढे सगळ्या बोर्डांना एकच कनेक्टर. एका बाजूला अठ्ठावीस पिना, पाठीमागे अठ्ठावीस. कुठलाही नवा बोर्ड, कुठल्याही मशीनमध्ये, काढला की घातला. शेठ खुशीत आला. त्याने काकांना सांगितलं, "मास्तर, आपली चौदाच्या चौदा मशीनं या नव्या कनेक्टरवर आणा." याचा अर्थ काय, ते शेठला माहीत होतं, मला माहीत होतं, आत्याला माहीत होतं. चौदावं मशीन झालं की मास्तरांचं काम संपलं.

मी त्या संध्याकाळी तावातावाने आत्याकडे गेलो. काका जमिनीवर बसून नवा कनेक्टर हातात फिरवत होते.

"काका, करू नका हे काम. वही दडवून ठेवा. निदान दोन मशीनं तरी अशी ठेवा की तुमच्यावाचून चालणार नाहीत."

"हे बघ," ते म्हणाले, जणू मी काही बोललोच नव्हतो. "पुढच्या अंगाला पहिला खेळाडू, मागच्या अंगाला दुसरा. दोघांना सारख्याच तारा, समोरासमोर. आणि ही सातवी जागा बघितलीस? इथं पिन नाही, प्लास्टिकची पट्टी आहे. बोर्ड उलटा घालायला गेलं की ही अडवते. रिकामी जागा का ठेवलीय? चुकणाऱ्या माणसासाठी! कोण रे एवढा विचार करतं आपला?"

"काका, तुमची नोकरी जातेय!"

"त्यांना विचार," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "वही कुणाच्या हवाली करणार आहेत ते."

काकांनी कनेक्टर खाली ठेवला. "यादी मराठीत काढतो आणि प्रत्येक दाराच्या आतून चिकटवतो. कुणालाही दुरुस्त करता येईल."

माझा तोल गेला. तुम्हाला वर्गजाणीव नाही, तुम्ही शेठचे मिंधे आहात, असं मी बरंच काही बोललो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "संपादक, माझ्या बापाला शाळेच्या ओट्याखाली उभं राहून ऐकावं लागायचं. पुस्तक होतं, पण हात लावायचा नव्हता. तू पत्रकात काय लिहितोस? ज्ञान कुणाच्या बापाचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग माझ्या तरी बापाचं कसं?"



चौदा मशीनं पूर्ण व्हायला दोन महिने लागले. तारा त्यांनी वाशीच्याच जुहूगावातल्या एका कोळ्याकडून जाळं विणायचा दोरा आणून इतक्या सुरेख बांधल्या की आत्या म्हणाली, "माझी वेणी कधी अशी घातली नाही." काम संपल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून शेठने त्यांना बोलावणं बंद केलं. काकांनी नेरूळला स्टेशनच्या रस्त्यावर मिक्सर-इस्त्रीचं छोटं दुकान टाकलं. मिक्सरच्या मागे बघण्यासारखं काही नसतं, अशी त्यांची तक्रार होती.

त्यानंतर वर्षभराने मी पार्लरमध्ये शिरलो. तत्त्व मोडून नव्हे, एका सभेच्या वर्गणीसाठी. तेवढ्यात एका मशीनचा पडदा काळा झाला. गल्ल्यावर बसणारा नवा माणूस, नागपूरकडचा, नुकताच लागलेला, आरामात उठला. त्याने मागचं दार उघडलं, आतल्या कागदावर बोट ठेवून वाचलं, 'पडदा गेल्यास आधी पिन तीन आणि चार बघा. खोडरबराने पुसा,' आणि खिशातून खोडरबर काढलं. दोन मिनिटांत विमानं परत उडायला लागली. मी जवळ गेलो. कागदाच्या तळाशी काकांचं नाव नव्हतं. शेवटची ओळ होती, 'सात नंबर रिकामा. पट्टी काढू नये.'

"कुणी लिहिलंय हे?" मी विचारलं.

"काय माहीत भाऊ. मशीनसोबतच आलं असन जपानहून."

"जपानहून? मराठीत?"

"ते लोक लय हुशार असतात ना," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मी तसाच नेरूळला गेलो आणि काकांना हे सांगितलं. मला वाटलं ते चिडतील, किंवा निदान त्यांना वाईट वाटेल. ते इतके हसले की उघडलेल्या इस्त्रीचा स्क्रू हातातून निसटून कुठे तरी घरंगळला. आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून तो शोधू लागलो. शोधता शोधता त्यांनी विचारलं, "तीन आणि चारच होतं ना?"

"हो."

"पुसल्यावर लगेच चालू झालं?"

"लगेच."

"हं," ते म्हणाले, आणि बाकड्याखाली पुन्हा चाचपडू लागले. स्क्रू तर त्यांच्या पायाशीच पडला होता.

परवा मी नवीन पत्रक छापायला दिलं. छापखानेवाला म्हणाला, खाली तुमचं नाव टाकायचं राहिलंय. मी म्हटलं, राहू द्या, ती जागा रिकामीच ठेवा. पण कागद तेवढा जाड घ्या.