मावशीचा केस

मावशी बोलायला लागण्याआधी तिच्या उजव्या हाताची दोन बोटं डोळ्याकडे जात. वरची पापणी चिमटीत धरून ती बुबुळापासून जराशी उचलायची आणि मग म्हणायची, "हं, बोल आता. आयकून राह्यली मी." जणू तिचे कान पापणीला जोडलेले होते. नवख्या माणसाला वाटे, म्हातारी वेडावते आहे. मानोऱ्याहून बदलून आलेल्या आमच्या हेडमास्तरांनी तर पहिल्याच दिवशी माझ्याकडे तिची तक्रार केली होती.

असे डोळे तुम्हीही पाहिले असतील. लाल, गळणारे, उन्हात मिटून जाणारे. लहानपणापासून खुपऱ्या होऊन होऊन पापणी आतून आखडते, आत वळते आणि तिचेच केस बुबुळावर घासू लागतात. डोळा उघडला तरी टोचतो, मिटला तरी टोचतो.

धनजला मी शाळामास्तर होतो आणि मावशीचं घर माझ्या खोलीला लागून होतं. गावातल्या चार घरची तुरीची डाळ, तांदूळ निवडून देणं हे तिचं काम. मांडीवर सूप, एक हात डाळीत, एक पापणीला. "एक हात पोटाचा, एक डोयाचा," ती म्हणायची. "तिसरा असता तं तुले चहा करून देल्ला असता."

तिच्या कमरेच्या बटव्याला कानकोरण्यासोबत एक पितळी चिमटा लटकलेला असे. डोळा फारच टोचू लागला की सून तिला अंगणात उन्हात बसवून टोचणारे केस उपटून काढायची. त्यानंतर काही दिवस मावशीचे दोन्ही हात सुपात दिसत. मग केस पुन्हा उगवायचे, आखूड आणि राठ, आणि तिची बोटं पुन्हा पापणीवर जायची.

आणीबाणीच्या दिवसांत शहरातून डोळ्यांच्या डॉक्टरांची तुकडी जीपनं आमच्या शाळेत आली. अशा वळलेल्या पापण्यांवर त्यांचं संशोधन चाललं होतं. पापणी बाहेर वळवण्याची नवी शस्त्रक्रिया करून पाहायची होती आणि त्यासाठी रोगी निवडायचे होते. शिबिर हा शब्द कानावर पडताच गावातले गडी नसबंदीच्या धास्तीनं शेतात पसार झाले. मावशी मात्र सगळ्यांच्या पुढे. "माही कायची नसबंदी करतेत रे?" असं मोठ्यानं विचारून तिनं सगळी रांग हसवली.

तिला तपासणारा तरुण डॉक्टर हिंदी मुलखातला होता, पण मराठी बोलायची त्याला भारी हौस. त्यानं पापणी उलटवून भिंगातून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाला, "मावशी, तुमचा केस एकदम चांगला आहे. उद्या मोठे डॉक्टर येणार. तुमचा केस त्यांना द्यायचा आहे. मग ऑपरेशन."

"मंग टोचन नाई?"

"कधीच नाही."

मी जन्मभर पोरांना लिंग आणि वचन शिकवलं. मराठीत रोग्याची ती केस आणि पापणीचा तो केस. हिंदीत रोग्याचाही तो केस. एवढासाच तो फरक, त्यात चुकलेल्या पोराचा मी फार तर अर्धा गुण कापला असता.

दुसऱ्या दिवशी मावशी धुतलेलं लुगडं नेसून आली. दोन्ही हात मोकळे. मोठ्या डॉक्टरांनी तिची पापणी उचलली, आडवं-उभं पाहिलं आणि म्हणाले, "हिचे केस कुठे टोचताहेत? नको ही. पुढची बाई." तरुण डॉक्टर गडबडला. तेव्हा मावशीनं बटव्यातून कागदाची पुडी काढून अदबीनं टेबलावर ठेवली.

"हे घ्या. तुमी एकच मांगतला होता. म्या साऱ्येच आनले. सुनेनं सकायीच काढून देल्ले."

खोलीत हशा पिकला. मावशीही हसली, कारण आपण काहीतरी चांगलंच केलं असणार असं तिला वाटलं. मग तरुण डॉक्टरनं तिला समजावून सांगितलं, केस डोळ्यात असायला हवे होते. आता पुन्हा वाढू द्या, पुढच्या शिबिरात नक्की घेऊ. मोठ्या डॉक्टरांपुढे त्यानं दोनदा बोलून पाहिलं, पण रांग लांब होती आणि त्यांना संध्याकाळच्या आत परतायचं होतं.

त्या दिवसापासून मावशीनं चिमट्याला हात लावू दिला नाही.

मी तिला वाशीमच्या दवाखान्यात नेलं. तिथे मलम मिळालं आणि केस काढत राहा, नाहीतर बुबुळ जाईल, अशी ताकीद. घरी आल्यावर सुनेनं चिमटा उचलला तर मावशीनं तिचा हात झटकला. मी चिडलो, नको तितका चिडलो. "मावशी, डोळा जाईल!"

"काहून जाईन? डाक्तर येऊन राह्यले नं. आता काढले तं त्याइले काय दाखवू?"

तुकडी परत आली नाही. का आली नाही, हे मला कोणी सांगितलं नाही. मला आजही त्याचा संताप येतो. मावशीच्या बुबुळावर आधी धुकं आलं, मग पांढरं फूल पडलं, एका डोळ्यात आणि मग दुसऱ्यात. लोकांनी डाळ देणं बंद केलं. सून चांगली, तिनं घरच्याच डाळीचं सूप सासूच्या मांडीवर ठेवलं आणि नंतर ती डाळ स्वतः गुपचूप पुन्हा निवडली.

पुढे निवडणुका आल्या. एका दुपारी प्रचाराची जीप भोंगा वाजवत वस्तीत शिरली. मावशी ओट्यावर बसली होती. मोटारीचा आवाज ऐकताच तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि धुरळ्याकडे तोंड करून दोन्ही हातांनी दोन्ही पापण्या उचलून धरल्या.

"पाहा डाक्तर," ती म्हणाली, "आता साऱ्ये हायेत. एकही नाई काढला."