तारप्यामागची रांग

इराकने कुवेत घेतल्यानंतरच्या हिवाळ्यात सौदीतल्या दम्मामच्या भारतीय शाळेत एक वेल्डर आमच्या मुलांना तारपा नाच शिकवायला येई. तो जव्हारकडचा वारली. वाळक्या भोपळ्याचा तारपा फुंकून त्याचे गाल असे सैलावले होते, की बोलतानाही आधी गाल फुगत आणि शब्द मागून येत.

"पुढच्याची कंबर धरा. तारप्याला पाठ दाखवायची नाय. तारपा जाईल तिकडं जायचं."

मुलं विचारत, "अंकल, व्हाय?"

"व्हाय नाय. यल्ला, चला!"

मी पालकांतर्फे मुलं मोजायला जाई. एकूण एकतीस. प्रत्येकाच्या कमरेला गॅस मास्कची पेटी, त्यामुळे मागचा कंबर सोडून पेटीच धरी.

एका दुपारी भोंगा झाला. सराव की खरा हल्ला, कोणालाच कळेना. मास्क चढवून मुलं पटांगणभर सैरावैरा पळू लागली. मी ओरडत होतो, पण माझ्या मास्कमधून नुसतं 'भू भू' निघत होतं.

वेल्डरने स्वतःचा मास्क काढून माझ्या हातात कोंबला आणि तारपा तोंडाला लावला. मुलं एकेक करून मागे लागली, कमरा धरल्या गेल्या. मास्कच्या एकतीस सोंडा नाचत, गॅस शिरू नये म्हणून खिडक्यांना टेप लावलेल्या हॉलकडे निघाल्या. शेवटच्या मुलाला धरून मीही निघालो. हॉलमध्ये मी दोनदा मोजलं. सगळी होती.

सरावच होता, हे नंतर कळलं. मी रागाने त्याचा मास्क पुढे केला.

"साहेब, तोंड झाकलं असतं तर पोरं कोणामागं आली असती?" त्याचे गाल पुन्हा फुगले. "आणि तुमचा डावा पाय चुकतोय."