परकोटातले निळे खांब

अमरावतीच्या परकोटातल्या घरांचे फोटो अजून माझ्याजवळ आहेत. फोन तीनदा बदलला, फोटो काही पुसवले नाहीत.

मी सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि ओळखीच्या ओळखीने अकोल्याला एका सुतारकारखान्यात आलो. आठवडा झाला नव्हता, तोच तिथल्या मिस्त्रींकडे एक काम आलं. एका गिऱ्हाइकाला नव्या बंगल्याच्या ओसरीला अमरावतीच्या जुन्या घरांत असतात तसे लाकडी खांब हवे होते. मिस्त्रींचा गुडघा धरलेला. म्हणाले, "तू जाय, फोटो काढून आण. फोटोत खांबाले आपली वीत लावजो, म्हंजे माप समजते. जमलं तं राह्य, नाही तं तुह्या गावची गाडी पकड."

शेवटचं ते हसत म्हणाले असतील. मला हसू दिसलं नाही. गावी आई सगळ्यांना सांगून बसली होती, पोरगा कामाला लागला म्हणून. बसने अडीच तासांत अमरावती गाठली.

परकोटाच्या आत शिरलो आणि गोंधळलो. आमच्याकडे घर म्हणजे आधी छप्पर. सवयीने वर बघावं तर वर सपाट धाबं, पुढे काहीच नाही. पहिले पाच-सहा फोटो नुसत्या आभाळाचे निघाले. मग नजर खाली आणली, तेव्हा एका उघड्या दारातून ओसरी दिसली. निळा ऑइलपेंट दिलेले चार खांब, माथ्यावर कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या. मी फोन उचलला, तशी तूर पाखडत बसलेली बाई उठलीच.

"कावून रे, फोटो काढून राहिला? रस्त्यात जाते काय आमचं घर?"

"नाही हो मावशी. मी सुतारकामातला. खांब बघतोय."

"मंग तसं सांग ना बाप्पा! मले वाटलं मोजणीवाला आला. कुठचा होय तू?"

सांगितलं. एवढ्या लांबचा पोरगा आपले खांब बघायला आला, म्हणून त्यांनी शेजारणीला बोलावून मला दाखवलं. मग पाणी, मग चहा. फोटो काढताना मात्र पंचाईत झाली. एका हाताने फोन धरला की फोटो हलायचा. दोन्ही हातांनी धरला, तर वीत कोण लावणार? मावशींनी सूप बाजूला ठेवलं. "तू धर तुहा फोन. हात मी लावतो."

खांबाच्या तळापासून कमळापर्यंत प्रत्येक फोटोत त्यांची ताणलेली वीत आली, हिरव्या बांगड्यांसकट.

अकोल्याला परतल्यावर मिस्त्रींनी चष्मा लावून फोटो पाहिले. "झकास. पन हा हात कोनाचा?"

"त्या घरातल्या मावशींचा."

"अन् तिची वीत किती इंचाची?"

सगळा कारखाना हसला. मिस्त्री म्हणाले, "लेका, मापाले पाठवलं होतं का पाहुणचाराले?"

दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता मी पहिली बस धरली. मावशी दारातच होत्या. मी टेप काढून म्हटलं, "मावशी, जरा हात पसरा."

"कावून, आता बांगड्या भरतं काय मले?" हसत-हसत त्यांनी वीत पसरली. पावणेआठ इंच. तेवढं कागदावर लिहून तसाच अकोल्याला परतलो.

मिस्त्रींनी कागद पाहिला, मग माझ्या खिशातला टेप पाहिला.

"टेप घेऊन त्या घरात गेला होता तू?"

"हो."

"मंग खांबच मोजायचे ना, लेका!"

मला हे कुठे सुचलं होतं! आता गाडीच, असं वाटलं. मिस्त्री हसत लाकडाच्या ढिगावर बसले, डोळे पुसले आणि पेन्सिल कानावरून काढली. एकेका फोटोतल्या विती मोजून त्यांनी पावणेआठने गुणायला घेतल्या. पाढा मलाच म्हणायला लावला. अडखळलो, तर थांबायचे.

सगळी मापं उतरल्यावर ते दुसऱ्या कारागिराला म्हणाले, "भोळा आहे पोट्टा. पन एका वितीसाठी अमरावतीले पुन्हा गेला." मग माझ्याकडे न बघता, "उद्या सातले ये."

सातला पोचलो, तर पहिल्या खांबाचं सागवान माझ्या जागेपाशी आणून ठेवलेलं होतं.